नाल्यापलीकडची बाई

साकोलीला एसटी थांबली, दार उघडलं आणि मोहाचा वास आत आला. दाराशीच कुणाचं तरी पोतं ठेवलेलं होतं. झाडाखालच्या ताज्या फुलाचा वास वेगळा आणि वाळवून पोत्यात भरलेल्या मोहाचा वेगळा. हा वाळलेला होता. गुळचट, जरासा आंबूस, सरळ डोक्यात चढणारा. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. मी मात्र उतरताना त्या पोत्याजवळ मुद्दाम रेंगाळले, तर कंडक्टर खेकसला, "आजी, चला ना लवकर!" आजी काय, आजी! पण भांडायला वेळ नव्हता.

खाली माझा धाकटा भाऊ केवळराम मोटारसायकल घेऊन उभा होता.

"एवढंच सामान? रिटायर झाली ना वं ताई तू? मले वाटलं, आता ट्रक येते."

"ट्रक मांगून येईन. पहिले एक काम आहे."

"कोनतं?"

"ती बाई शोधाची आहे."

किक मारायला उचललेला पाय त्यानं खाली ठेवला. "मायनं सांगतलं होतं, ते?"

"तेच."

"अवो, पन्नास वर्षं होऊन राहिले त्याले. ना नाव, ना गाव. कुठी भेटते आता?"

"तुले कडेवर घेऊन फिरली ती. तुले नाही पाहाची?"

"पाहाची आहे ना," तो हळूच म्हणाला. "मले तर तिचं तोंडबी आठवत नाही."

मला आठवतं. सगळं नाही, पण तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आणि डोक्यावरून घसरलेला पदर आठवतो. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते आणि केवळराम, आमचा केवल्या, जेमतेम तीनचा.

फाल्गुन सरायला आला की आमचं गाव पहाटेच रानात जायचं. नागझिऱ्याच्या जंगलाच्या अंगाला आमची झाडं होती. अंधारात आधी नुसता आवाज यायचा. टप्. मग थोडं थांबून पुन्हा टप्, टप्. मोहाचं फूल पानासारखं भिरभिरत येत नाही. रसानं भरलेलं असतं, ते एकदम पडतं. माय आदल्या आठवड्यात झाडाखालचा पाचोळा जाळून, झाडून जागा अंगणासारखी लख्ख करून ठेवायची. उजाडलं की त्या काळ्या जमिनीवर पिवळट फुलं दिसायची, दवानं ओली, बोटाला चिकटणारी. दोन वेचायची, एक तोंडात टाकायचं. मायचं लक्ष असायचं. "मोह आहे तो, चिवडा नाही," म्हणायची. कुठं पळस पेटलेला, कुठं सागाची वाळकी पानं कुणाच्या तरी पायाखाली कुरकुरतायत, आणि सगळ्या रानात बायांच्या गप्पांचा एकच गलका.

प्रत्येक घराची झाडं ठरलेली. त्यात चूक झाली तर डोकी फुटत. पोरांचं मात्र तसं नव्हतं. पोर ज्या बाईच्या झाडाशी जाईल, तिनं त्याला बघायचं. भूक लागली तर पेज पाजायची, निजलं तर सावली सरकेल तशी गोधडी सरकवायची. त्याच्या मायला सांगायलाही कुणी जात नसे. सांगायचं काय त्यात? असेल कुणाच्या तरी झाडाखाली.

त्या दिवशी ऊन चढलं, टोपल्या भरल्या, घराकडे निघायची वेळ झाली आणि केवल्या नव्हता.

माय घाबरली नाही. "रखमाच्या झाडाखाली असंल," म्हणाली आणि तिकडे गेली, मी मागे. रखमाकाकी म्हणाली, "माह्याकडं होता सकाळी. मंग शेवंताकडं गेला म्हनतेत." शेवंताकाकी म्हणाली, "माह्याकडं नाही, जनीकडं निजला आहे म्हने." जनाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोन म्हनते? मले तर रखमानं सांगतलं, तुह्या मोठ्या पोरीपाशी आहे म्हून."

मोठी पोरगी म्हणजे मी. मी मायचं लुगडं धरून तिथंच उभी होते.

मग एकदम आरडाओरडा झाला. कुणीतरी म्हणालं, सडकेकडं गेला. घटकाभरात सगळेच म्हणायला लागले, सडकेकडं गेला, सडकेकडं गेला. माणसं धावत सुटली. सडक कुणी काढली, कुणाला माहीत नाही, पण एवढी माणसं म्हणतात म्हटल्यावर ते खरंच असणार असं मलाही वाटलं. मीही पळायला लागले होते. तेवढ्यात माय ओरडली. तसा आवाज मी तिचा आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

"कोनं पाह्यलं? म्हनतेत नको सांगू मले! डोळ्यानं कोनं पाह्यलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं.

आमच्या झाडांच्या टोकाशी नाला होता. उन्हाळ्यात त्यात गुडघाभर पाण्याची दोनचार डबकी आणि बाकी सगळी वाळू. नाल्यापलीकडे दुसऱ्या गावची झाडं. त्या गावाशी आमचं वैर होतं. कशावरून, ते मला लहानपणी कोणी सांगितलं नाही आणि मोठेपणी सांगणारे उरले नाहीत. तिकडं पाहायचं नाही, तिकडच्यांशी बोलायचं नाही, एवढं पोराबाळांना ठाऊक होतं. त्यामुळे सगळं रान विचारून झालं तरी नाल्यापलीकडे कोणी हाक मारली नव्हती. हाक मारायची असते हे सुचलंच नव्हतं कुणाला.

"तिकडं नको जाऊ वं!" रखमाकाकी ओरडली. "माणसायचं भांडन लागंल!"

"लागू दे," माय म्हणाली आणि नाल्यात उतरली. तिच्यामागे मी. वाळू इतकी तापली होती की मी उड्या मारत चालले होते.

पलीकडच्या झाडांमध्ये एक तरणी बाई केवल्याला कडेवर घेऊन फिरत होती. त्याच्या तोंडाला मोहाचा रस लागला होता आणि तो मजेत तिच्या बांगड्या वाजवत होता. मायनं त्याला ओढून घेतलं, दोन धपाटे घातले, मुके घेतले, परत धपाटा घातला. आपल्या काठावर तोवर आमची माणसं काठ्या घेऊन गोळा झाली होती आणि "ये इकडं, ये इकडं" करत होती. माय वळली आणि पळत सुटली. नाव विचारलं नाही, हात जोडले नाहीत.

हे तिला जन्मभर सललं. पुढच्या साली ती पुन्हा नाला ओलांडून गेली, पदरात लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून. बाबांनी बोलायचं ते बोलून घेतलं, तरी गेली. पण ती बाई तिथं नव्हती आणि तिकडच्या बायांनी तोंड फिरवलं. "आमच्या गावची नाही ते," एवढंच उत्तर मिळालं. वडे आम्हीच खाल्ले.

मी शिकायला नागपूरला गेले. कॉलेजात पहिल्यांदा संगणक दाखवायला नेलं तेव्हा दारात चपला काढायला लावल्या, तर मला वाटलं आत देव आहे. आत अंगावर काटा येईल इतकी थंडी, कसलीतरी घरघर आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. धूळ, तापलेली तार आणि नव्या प्लॅस्टिकचा मिळून एक वास होता त्या खोलीला. त्या वासासाठी मी रविवारीसुद्धा जायची. पुढं माझा विषय ठरला डेटाबेस. म्हणजे माहिती अशी रचून ठेवायची की विचारणाऱ्याला हवं ते नेमकं आणि पटकन हाती लागावं. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की केस पांढरे होतात. माझे झाले.

मग इंटरनेट आलं, आणि जगभरच्या पानांमधून हवं ते शोधून काढणं हाच मोठा उद्योग झाला. त्यातली युक्ती साधारण अशी, की ज्या पानाकडे पुष्कळ पानं बोट दाखवतात ते पान मोठं, ते वर. सगळे खूश. मी एका परिषदेत उभी राहून विचारलं, "बोट दाखवणाऱ्यांनी स्वतः काही पाहिलंय, की एकानं लिहिलं म्हणून बाकीच्यांनी उतरवून घेतलं?" सभागृहात हशा पिकला. बाईंना विनोद सुचला असं वाटलं लोकांना. मला विनोद बिनोद काही सुचला नव्हता. मला जनाबाई दिसत होती, कंबरेवर हात ठेवून.

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी दोनच प्रश्न धरून बसले. हजार पानं एकच गोष्ट सांगतात, त्यातल्या खऱ्या पाहणाऱ्याचं पान कोणतं? आणि ज्या पानांकडे कुणीच बोट दाखवत नाही, तिथवर पोचायचं कसं? निबंध परत यायचे. प्रश्न किरकोळ आहे, असा शेरा. मी पुन्हा लिहायची. ते पुन्हा परत यायचे. एक ज्येष्ठ प्राध्यापक मला प्रेमानं म्हणाले, "बाई, जिथं कोणी जातच नाही, तिथलं शोधून करायचं काय?" मी म्हटलं, "सर, तिकडं रस्ता नाही म्हणून कोणी जात नाही. काही नाही असं कोण म्हणतं? आणि त्यानं जाऊन पाहिलंय का?" ते पुढं बराच काळ माझ्याशी बोलले नाहीत. हळूहळू मात्र माझे निबंध छापून आले, विद्यार्थी आले, माझ्या रीतीनं लोक काम करायला लागले. विद्यार्थी मला टरकून असत. प्रबंधात 'असे म्हटले जाते' दिसलं की माझी लाल रेघ पडायची आणि मी समासात लिहायची, 'कोण म्हणतं?'

सुटीत गावी आले की माय चुलीपुढं बसून विचारायची, "तू करते तरी काय वं तथी?" लाकडाचा धूर, तव्यावरची भाकर, आणि बाहेर बैलाच्या गळ्यातली घाटी. मी एकदा वैतागून म्हटलं, "हरवलेलं शोधून देतो आम्ही. काहीबी हरवू दे."

तिनं भाकर उलथली. "मंग त्या बाईले शोध ना."

झालं! मी हसले, पण ती हसली नाही. पुढं दर खेपेला तोच प्रश्न. भेटली का बाई? परदेशातून फोन केला तरी तेच. एवढी मोठी तू, एवढ्या मशिनी तुह्या, अन् एक बाई सापडत नाही? मी समजावायची, की अगं, तिचं नाव नाही, फोटो नाही, तिच्याबद्दल कोणी कधी एक ओळ लिहिली नाही, मशीन कुठं शोधणार? ती म्हणायची, "मंग तू जाऊन शोध." मी म्हणायची, जाईन. मागच्या थंडीत माय गेली. शेवटच्या दिवसांत बोलणं तुटक झालं होतं, पण हे एक वाक्य तिनं पुरं केलं. "तिले सांगजो, पोरगा मोठा झाला म्हून."

म्हणून मी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाल्यावर गेलो. आता तिथं पूल आहे, डांबरी रस्ता आहे आणि दोन्ही गावांत सोयरिकीही झाल्या आहेत. वैराचं नाव काढलं तर पोरं हसतात. झाडं मात्र बरीच आहेत तशी. मी वाकून एक फूल उचललं, फुंकर मारली आणि तोंडात टाकलं. केवळ म्हणाला, "ताई, धू तरी!" मी दुसरं टाकलं.

पलीकडच्या गावात चावडीजवळ बसलो. चहा आला, माणसं आली आणि सुरू झालं. म्हनतेत ते बाई मेली. म्हनतेत तिले शहापूरले देली होती. एका उत्साही पोरानं मोबाईलवर सगळ्या ग्रुपांत टाकून दिलं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या तालुक्याची खात्री पटली होती की बाई शहापूरलाच आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही भर उन्हात हायवेनं शहापूर गाठलं. ट्रकचा धुरळा खात, दारोदार विचारत फिरलो. एका किराणा दुकानदारानं मोठ्या आत्मविश्वासानं मोबाईल पुढं केला. "हे पाहा मॅडम, इथंच आहे म्हनून आलं आहे ना!"

केवळनं वाचलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, हा तर आपलाच मेसेज फिरून आपल्यापाशी आला."

जन्मभर ज्याच्यावर निबंध लिहिले, त्याच खड्ड्यात मी स्वतः पडले. मला स्वतःचाच इतका राग आला की परत येईस्तोवर मी केवळशी बोलले नाही. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा पलीकडच्या गावात गेले आणि यावेळी बाईबद्दल काही विचारलंच नाही. एवढंच विचारलं, की त्या काळी नाल्याकाठच्या झाडांखाली मोह कोण वेचायचं, आणि त्यांतलं आज कोण आहे?

एकच नाव आलं, मैनाबाई. खाटेवर पडून होती, डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज खणखणीत.

"मी पाह्यलं ना डोळ्यानं! माह्या शेजारच्याच झाडाखाली होती ते. अनुसया. माह्या जावेची बहीन, त्या साली पाहुनी आली होती मोह वेचाले. तुमच्या पोराले घेऊन फिरे."

अनुसया. मायला हे नाव ऐकायला मिळालं असतं तर!

"आता कुठी आहे?"

"वरठीले. नवरा कारखान्यात होता तिचा. त्या सालानंतर ते मोहाले आली नाही कधी."

"काहून?"

"तिलेच विचारा," म्हणाली आणि भिंतीकडं वळली.

वरठीला पोचलो तेव्हा कारखान्याची पाळी सुटली होती. रस्ताभर मोटारसायकली, सायकली, हँडलला लटकणारे डबे. स्टेशनमागच्या गल्लीत घर सापडलं. लहानशा, वाळलेल्या अनुसयाबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सून आतून डोकावली. मी सांगायला सुरुवात केली, मोहाचे दिवस, नाला, तीन वर्षांचं पोर. शेंगा सोलणारे हात थांबले. केवळ पुढं झाला आणि त्यानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. एवढा मिशीवाला बाप्या, नातवंडं झालेला, ढसाढसा रडला.

त्यांनी त्याच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला. "बाप्पा! केवढा झाला गा तू!"

"मायनं सांगाले लावलं होतं, काकी," मी म्हटलं. "पोरगा मोठा झाला म्हून. तिनं तुमचं कधी नाव नाही विचारलं, त्याचं तिले फार लागलं होतं."

"मनाले लावून घ्याचं नव्हतं. लेकरू सापडल्यावर मायले काय सुचते?" त्या खरंच आनंदल्या होत्या. सुनेला चहा ठेवायला लावला, मुरमुरे आणायला लावले, केवळला आपल्या शेजारी बसवून घेतलं. मायनं सोपवलेलं काम झालं होतं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

चहा झाल्यावर त्या माझ्याकडं वळल्या. "एक विचारू काय वं?"

"विचारा ना."

"आमची यमू दिसली होती काय तुमच्याकडं?"

सून लगबगीनं बाहेर आली. "आई, आता कायले ते..."

"थांब. मले विचारू दे. हे तथल्या आहेत." त्यांनी माझा हात धरला. "त्या दिवशी मी यमूलेच शोधून राहिली होती. सात वर्षांची होती. तिले शोधता शोधता हा दिसला, नाल्यात एकटाच वाळू उकरत. म्हनलं, याच्या मायले देऊ अन् तिलेच विचारू, माही पोरगी तुमच्या झाडांकडं आली काय म्हून. तुही माय आली, घेतलं अन् पळाली. मी मांगून लय आवाज देले. तुमच्या काठावर काठ्या घेऊन माणसं. आमच्यातल्यायनं मले अडवून धरलं. तिकडं जाऊच देलं नाही."

"मंग?"

"मंग काय. नाही सापडली."

मला रडू आलं नाही. संताप आला. आमच्या काठावर इतक्या बाया होत्या, इतकी माणसं होती, आणि या बाईचा प्रश्न पन्नास वर्षांत नाल्याच्या अलीकडं आलाच नव्हता. आमच्यापैकी एकाही माणसाला तो कोणी विचारला नव्हता. माय बिचारी आभार पोचवायला तडफडत गेली, आणि इथं ही बाई एका उत्तरासाठी बसून होती.

मी खुर्ची पुढं ओढली. "काकी, काय घातलं होतं तिनं?"

"लाल पोलकं," त्या लगेच म्हणाल्या. "कपाळाले भाजल्याचा डाग, इथी. हातात लहानी टोपली."

"शेवटी डोळ्यानं कोनं पाह्यलं?"

"मीच. नाल्यात उतरली, तुमच्या अंगाले."

"मंग आमच्या काठावर कोनं ना कोनं पाह्यलं असंल. त्या दिवशी मोह वेचनाऱ्या दोघीतिघी बाया आमच्या गावात अजून आहेत. मी विचारते. एकेकीले विचारते. त्यायनं जिकडं पाह्यलं असंल, तिकडं जाते. काही समजलं तरी सांगाले येईन, नाही समजलं तरी येईन."

"एवढ्या वर्षांनं कोनाले आठवते वं, मॅडम?" सून म्हणाली.

"विचारल्याशिवाय कसं समजंल?"

केवळ केव्हाच उठला होता. डोळे पुसत त्यानं गाडी वळवून उभी केली. मी मागे बसले तोच अनुसयाबाई भिंतीला धरून ओट्याच्या कडेपर्यंत आल्या आणि हात हलवून आम्हाला थांबवू लागल्या. मी उतरून जवळ गेले.

"यमुना म्हून विचारजो," त्या म्हणाल्या. "यमू म्हनशीन त कोनी ओळखनार नाही. यमू तिले मी एकटीच म्हनो."